खारबावची मालगाडी आणि 'कारवार' नौका

भिवंडी तालुक्यातील खारबाव हे गाव प्रवासवर्णनाचा विषय होण्याजोगे आहे, असे वरवर पाहणाऱ्यास सहसा वाटावयाचे नाही. येथे प्रसिद्ध तीर्थ नाही, थंड हवेचा लौकिक नाही. वसईच्या खाडीकडे उतरत गेलेली सखल भूमी, पावसाळ्यात डोळे निवविणारी भातखाचरे, भरतीचे पाणी पोटात घेणारी खाजणे, आणि भिवंडीच्या बाजूने वर्षागणिक जवळ येत चाललेली मालाची अवाढव्य गोदामे, एवढाच येथील देखावा. नावातला 'खार' हा शब्द खाडीच्या शेजाराची साक्ष देतो. समुद्र मात्र येथून दृष्टीस पडत नाही. तथापि आमच्या पुतण्याकडे गेल्या हिवाळ्यात आठ दिवस राहण्याचा योग आला, तेव्हा या गावातील सर्वांचे अन्नवस्त्र समुद्राशी किती घट्ट बांधलेले आहे, याचा आम्हांस चांगला प्रत्यय आला; आणि तोच आज वाचकांपुढे मांडण्याचे योजिले आहे.

गावास जगाशी जोडणारी वस्तू म्हणजे येथील रेल्वेचे स्टेशन. वसई रोडहून दिव्याकडे जाणाऱ्या मार्गावर जुचंद्र व कामण रोड ही स्टेशने मागे टाकली की खारबाव येते आणि पुढे भिवंडी रोड. या मार्गावर उतारूंच्या गाड्या थोड्या आणि मालगाड्या पुष्कळ. सायंकाळी फलाटावरील बाकावर बसावे, तो तांबड्या, निळ्या, हिरव्या लोखंडी पेट्यांची लांबच लांब रांग धडधडत समोरून जावी आणि तिचे शेपूट नाहीसे होईपर्यंत बोलणे थांबवावे, हा तेथील नित्यक्रम. या पेट्यांस कंटेनर म्हणतात. उरणजवळील न्हावाशेवा येथे 1989 साली सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू बंदरात जहाजांवरून उतरलेल्या या पेट्या पनवेल, दिवा, खारबाव, वसई या वाटेने गुजरात व उत्तर हिंदुस्थानाकडे जातात, आणि तिकडील माल त्याच वाटेने बंदराकडे येतो.

आमच्या नातवाने एका गाडीचे डबे मोजता मोजता विचारले, "आजोबा, गाडीला रूळ असतात म्हणून ती चुकत नाही. जहाजाला समुद्रात रूळ नसतात, मग ते कुठूनही जाते का?"

प्रश्न मुलाचा, परंतु उत्तर मोठ्यांनीही समजून घेण्याजोगे आहे. मोठ्या जहाजास कोठूनही जाता येत नाही. वाचकांपैकी जे कोणी भाऊच्या धक्क्यावरून लाँचने मोऱ्यास गेले असतील, त्यांनी पाण्यावर डोलणारी तांबडी व हिरवी बोयरी पाहिली असतील. त्या दोन रांगांच्या मध्ये गाळ उपसून खोल राखलेली एक वाट आहे. मुंबई व न्हावाशेवा ही बंदरे दोन असली, तरी भर समुद्रातून आत येण्याची मुख्य वाट दोहोंस एकच. लाँचमधून पाहावे तो केवढा अथांग विस्तार वाटतो. पण खोल बुडाच्या जहाजाच्या दृष्टीने तो विस्तार म्हणजे एक बोळ होय. या बोळातून आलेले तेल आपल्या गाड्यांत जळते आणि त्यातून आलेल्या मालावर भिवंडीची गोदामे भरतात.

ही वाट बंद पाडण्यास शत्रूला मोठे आरमार आणावे लागत नाही. रात्रीच्या अंधारात एखाद्या पाणबुडीने येऊन त्या बोळात दहापाच पाणसुरुंग टाकले, की काम झाले. किंबहुना ते टाकले आहेत असा बळकट संशय उत्पन्न झाला तरी पुरते. कारण वाट निर्धोक असल्याची खात्री पटल्यावाचून कोणता नावाडी शेकडो कोटींचे जहाज आत घालील? आणि अशी खात्री करून देण्याचे काम ज्या नौका करतात, त्यांपैकी आपल्या शेजारच्या गावाचे नाव धारण केलेल्या एका नौकेची हकीकत सांगण्यासाठी हा लेखप्रपंच आहे. ती नौका 'कारवार'.

प्रथम 'सुरुंग' या शब्दाविषयी दोन शब्द. कौटिलीय अर्थशास्त्रात 'सुरुङ्गा' हा शब्द येतो, आणि तो ग्रीक भाषेतील 'सिरिंक्स' या शब्दावरून आपल्याकडे आला, असे बहुतेक विद्वानांचे मत आहे. भुयार हा त्याचा मूळ अर्थ. महाभारतात विदुराने पाठविलेला खनक लाक्षागृहातून पांडवांसाठी भुयार खणतो. तेथे भुयार प्राण वाचविणारे आहे. पुढे त्यात दारू ठासण्याची कला आली आणि शब्दाचा अर्थ फिरला. हा फिरलेला अर्थ पाहावयाचा तर खारबावहून फार लांब जावयास नको. त्याच रेल्वेच्या टोकाशी वसई आहे. 1739 सालच्या मे महिन्यात चिमाजीअप्पांच्या सैन्याने वसईच्या कोटाखाली सुरुंग खणून बुरूज उडविले आणि पोर्तुगीजांनी कोट स्वाधीन केला. त्या दिवसांतील एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. काही सुरुंग वेळेवर उडाले नाहीत. ते मागाहून उडाले, आणि तोवर भगदाडातून आत घुसलेले आपलेच लोक त्यांत सापडले. सुरुंगास आपला आणि परका ओळखता येत नाही, व पेरणाऱ्याची वेळ पाळण्याचे बंधनही त्यास नसते. जमिनीवरील सुरुंगाचा हा दुर्गुण पाण्यातील सुरुंगात शतपटीने वाढला आहे.

मुंबईच्या समुद्राने त्याचा अनुभव घेतलेला आहे. पहिल्या महायुद्धात 'वुल्फ' नावाची एक जर्मन युद्धनौका व्यापारी जहाजाचे सोंग घेऊन हिंदी महासागरात उतरली. 1917 सालच्या फेब्रुवारीत तिने कोलंबो व मुंबई यांच्या समोरील समुद्रात गुपचूप पाणसुरुंग टाकले आणि ती निघून गेली. पुढे चार महिने लोटले. 1917 च्या जून महिन्यात विलायतेहून मुंबईस येणारी 'मंगोलिया' नावाची मोठी टपाल-आगबोट त्यांपैकी एका सुरुंगावर आदळून बुडाली. सुरुंग टाकणारे त्या वेळी हजारो मैल दूर होते. तोफेचा गोळा सुटतो त्या क्षणी त्याचा सूत्रधार कोण हे कळते. पाणसुरुंग मात्र टाकणाऱ्यास विसरून आपली वाट पाहत बसतो.

हा सुरुंग असतो तरी कसा? सर्वांत जुना प्रकार म्हणजे स्पर्शाने उडणारा. पोकळ लोखंडी गोळ्यात दारू भरलेली असते, आणि तळाशी पडलेल्या वजनास साखळीने बांधलेला तो गोळा पाण्याच्या पृष्ठभागाखाली लपून तरंगत राहतो. त्यावरील शिंगांस जहाजाचा धक्का लागला की स्फोट होतो. हा काढण्याची रीत अशी, की नौकेच्या मागे लांब तारा सोडावयाच्या. त्या नौकेपासून दूर फाकून विशिष्ट खोलीवर राहतील अशी पाण्यातील पतंगांसारखी साधने त्यांस लावावयाची. आणि तारेवरील कातरींनी सुरुंगाची साखळी कापावयाची. बंधनमुक्त झालेला गोळा वर येतो व त्यास तोफेने वा बंदुकीने फोडतात. शेतात नांगर धरावा त्याप्रमाणे समुद्राचा एकेक पट्टा घेऊन, मागचा पट्टा व पुढचा पट्टा यांमध्ये फट राहू न देता, तासन्‌तास हे चालते.

दुसऱ्या महायुद्धात याहून कपटी प्रकार निघाले. एक चुंबकीय: जहाजाच्या लोखंडाची चाहूल लागताच तो तळाशी पडल्यापडल्या उडतो. दुसरा ध्वनीचा: पंख्याच्या व यंत्रांच्या आवाजाने जागा होतो. तिसरा दाबाचा: जहाज वरून जाताना तळाशी पाण्याचा जो दाब बदलतो, त्यावरून ओळखतो. काहींत तर मोजणीचे यंत्र असते. पहिली चार जहाजे सुखरूप जाऊ द्यावयाची आणि पाचव्यास गाठावयाचे, अशी योजना त्यात करता येते. म्हणून एकदा वाट झाडून भागत नाही. तीच वाट पुन्हा पुन्हा झाडावी लागते. चुंबकीय सुरुंगास फसविण्यासाठी नौकेच्या मागे लांब तारेतून विजेचा प्रवाह सोडतात. ध्वनीच्या सुरुंगास फसविण्यासाठी पाण्यात खोटा आवाज करतात. दाबाच्या सुरुंगास असे सहजासहजी फसविता येत नाही. त्यास ध्वनिलहरींच्या साहाय्याने तळाशी शोधून, पाणबुड्या माणसाकडून वा यंत्राकडून, एकेकटा निकामी करावा लागतो.

आता वाचकांच्या ध्यानात येईल, की जी नौका असल्या सुरुंगांवरून जावयाची, तिला इतर युद्धनौकांप्रमाणे पोलादी होऊन चालावयाचे नाही. 1950 साली कोरियाच्या युद्धात वोन्सान बंदरासमोर पेरलेल्या सुरुंगांनी अमेरिकेचे बलाढ्य आरमार कित्येक दिवस रोखून धरले, तेव्हा सर्व राष्ट्रांचे डोळे उघडले. इंग्लंडने त्या सुमारास अशा नौका शंभराहून अधिक बांधल्या. त्यांची शरीरे ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर बसविलेल्या महोगनी लाकडाची होती, आणि नावे आरमारी परंपरेतील वीरांची नसून 'टन' या अक्षरांनी संपणाऱ्या इंग्रजी खेड्यांची होती. त्यांपैकी 'ओव्हरटन' ही नौका 1956 साली भारतीय नौदलात आली आणि तिचे नाव 'कारवार' झाले. कन्ननोर, कडलूर आणि काकिनाडा या तिच्या तीन बहिणी. याहून लहान अशा दोन नौकांस बिमलीपटम व बसीन ही नावे मिळाली होती. आणि बसीन म्हणजे आपली वसई, हे सांगावयास नकोच. मोठमोठ्या लढाऊ जहाजांस म्हैसूर, दिल्ली, राजपूत अशी भारदस्त नावे, आणि या लहानग्यांस लहान बंदरांची: हा योग आम्हांस फार समर्पक वाटतो. ज्या बंदरांच्या वाटा त्यांनी झाडावयाच्या, त्यांचीच नावे त्यांच्या कपाळी आली.

'कारवार'च्या आयुष्यात युद्धाचा प्रसंग आला तो 1961 सालच्या डिसेंबरात, गोवामुक्तीच्या वेळी. कारवार शहराजवळ अंजदीव बेट आहे. ते तेव्हा पोर्तुगीजांकडे होते. 18 डिसेंबर रोजी 'त्रिशूल' व 'म्हैसूर' या युद्धनौकांनी त्या बेटावर खलाशी उतरविले, आणि त्या झटापटीत आपले 7 खलाशी कामास आले. मुरगावच्या तोंडाशी 'बेतवा' व 'बियास' यांनी 'अफोन्सो द अल्बुकर्क' ही पोर्तुगीज नौका जायबंदी केली. ही नावे इतिहासात आली व ती यावीतच. त्याच मोहिमेच्या यादीत एक चौथाई ओळ अशी आहे, की सुरुंग काढणारा ताफा: कारवार, काकिनाडा, कन्ननोर, बिमलीपटम. वसईच्या कोटाखाली पोर्तुगीजांविरुद्ध सुरुंग पेरणाऱ्या लोकांचे वंशज, दोनशे बावीस वर्षांनी, त्याच पोर्तुगीजांच्या बंदरासमोर सुरुंग काढण्याच्या तयारीने उभे होते.

लाकडी 'कारवार'ची सेवा संपल्यावर ते नाव पुन्हा दिले गेले. आपल्या सरकारने 1978 ते 1988 या दहा वर्षांत सोविएत रशियाकडून अशा 12 नौका घेतल्या. त्यांत रत्नागिरी होती, कोकण होती, आणि दुसरी कारवारही होती. ती 14 जुलै 1986 रोजी बाल्टिक समुद्रावरील रीगा बंदरात भारतीय नौदलात दाखल झाली. लांबी सुमारे 61 मीटर, शरीर लाकडाचे नसून चुंबकत्व अत्यल्प असलेल्या खास पोलादाचे, स्वसंरक्षणापुरत्या तोफा. 2013 पर्यंत तिचे ठाणे विशाखापट्टणम येथे होते. नंतर ती मुंबईस आली. 9 मे 2017 रोजी मुंबईत तिची व 'काकिनाडा'ची सेवा एकदमच समाप्त झाली. जवळजवळ एकतीस वर्षे नोकरी झाली. आमच्यासारख्या शाळामास्तरांच्या नोकरीची मुदत साधारण इतकीच असते.

या एकतीस वर्षांत 'कारवार'ने केले काय? येथे चरित्रकाराची पंचाईत होते. तिने शत्रूचे अमुक जहाज बुडविले, असे सांगता येत नाही. तिने सराव केला, गस्त घातली, तारा सोडल्या, गुंडाळल्या आणि पुन्हा सोडल्या. आणि एवढ्या काळात मुंबईच्या किंवा विशाखापट्टणमच्या वाटेत सुरुंगाने एकही जहाज गेले नाही. मग हे तिचे कर्तृत्व मानावे, की सुरुंग नव्हतेच म्हणून तिचा उपयोगच नव्हता असे म्हणावे?

1942 साली ऑस्ट्रेलियात बांधलेली 'बेंगाल' ही आपल्या त्या वेळच्या नौदलाची नौकाही सुरुंग काढण्यासाठीच होती. त्या वर्षी 11 नोव्हेंबर रोजी एका डच तेलवाहू जहाजास सोबत करीत असता, तिने आपल्या लहानशा तोफेनिशी दोन मोठ्या जपानी नौकांशी सामना दिला, आणि त्यांतील एक नौका स्फोट होऊन बुडाली. 'बेंगाल'चे नाव आजही घेतले जाते ते त्या एका दिवसासाठी. ज्या कामाकरिता ती बांधली, त्याबद्दल कोणी अवाक्षर काढीत नाही. लढाई दिसते, झाडलोट दिसत नाही.

आमच्या जुन्या शास्त्रकारांनी मात्र यास जागा ठेविली आहे. न्याय-वैशेषिकांनी द्रव्य, गुण, कर्म इत्यादिकांबरोबर 'अभाव' हाही एक पदार्थ मानला. भूमीवर घट नाही, हे 'नसणे' त्यांच्या मते खरोखरीचे असून ज्ञानाचा विषय होते. पण त्यांनी एक अट घातली: ज्याचा अभाव, तो 'प्रतियोगी' आधी ठाऊक असला पाहिजे. घट कधी पाहिलाच नाही, त्यास घटाचा अभाव कळावयाचा नाही. 'मंगोलिया'ची कथा आम्ही विस्ताराने सांगितली ती यासाठीच. बुडालेले जहाज डोळ्यांपुढे आणल्यावाचून न बुडालेल्या हजारो जहाजांची किंमत कळत नाही.

आपल्या घरांतही हाच न्याय नाही काय? सर्वांच्या आधी उठून अंगण झाडणारी, विहिरीवरील शेवाळ घासणारी, रात्री निखारे झाकले की नाही हे पाहून निजणारी एखादी वृद्ध काकू प्रत्येक एकत्र कुटुंबात असते किंवा होती. कोणाचा पाय घसरला नाही, कोठे ठिणगी उडाली नाही, याबद्दल तिचे आभार कोणी मानले नाहीत. ती गेल्यावर सहा महिन्यांनी कोणी विहिरीवर घसरून पडले, म्हणजे तिचे काम काय होते ते घरास समजले.

राष्ट्राच्या घरात ती वेळ येऊ नये, एवढ्यासाठी पुढील हकीकत सांगणे प्राप्त आहे. 'कारवार'नंतर तिच्या उरलेल्या बहिणीही एकेक करून निवृत्त झाल्या. शेवटची 'कोझिकोड' 13 एप्रिल 2019 रोजी विशाखापट्टणम येथे सेवामुक्त झाली. त्या दिवसापासून, केवळ पाणसुरुंग काढण्यासाठी बांधलेली अशी नौका आपल्या नौदलात उरली नाही. गोव्याच्या कारखान्यात कोरियाच्या साहाय्याने नव्या 12 नौका बांधण्याची योजना बरीच वर्षे चालून 2018 साली रद्द झाली होती. दुसऱ्या नौकांवर जोडता येणाऱ्या सामग्रीवर काम भागवावे लागत आहे. 3 जुलै 2025 रोजी संरक्षण खात्याच्या खरेदी परिषदेने अशा नौका देशातच बांधवून घेण्यास प्राथमिक संमती दिली, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु संमती म्हणजे नौका नव्हे. आराखडा, करार, बांधणी, चाचणी या सर्व पायऱ्या चढून ती पाण्यावर येण्यास वर्षे लागतात, आणि तोवर सात हजारांहून अधिक किलोमीटर किनाऱ्याची बंदरे आपापल्या बोळांच्या भरवशावर आहेत. सुरुंग स्वस्त आहे, तो काढणे महाग आहे, आणि काढण्याची विद्या तर त्याहून दुर्मिळ. तारा हाताळणारे जुने खलाशी निवृत्त होऊन विखुरले, म्हणजे ती विद्या ग्रंथांतून परत मिळत नाही. गुरूवाचून सुटलेल्या पाठांतराची काय दशा होते, हे आम्ही शाळेत पुष्कळ वेळा पाहिले आहे.

कोणी म्हणतील, एवढ्या वर्षांत कोणी सुरुंग टाकले नाहीत, मग घाई कशाची? त्यांनी चितगावकडे पाहावे. 1971 च्या युद्धानंतर त्या बंदराच्या तोंडाशी सुरुंग व बुडालेली जहाजे राहिली. नव्या बांगला देशास धान्याची निकड असता ते बंदर मोकळे करण्यास 1972 पासून 1974 पर्यंत सोविएत नौदलाचे पथक राबत होते. पेरण्यास काही रात्री, काढण्यास दोन वर्षे. आणि मध्यंतरी भुकेला देश.

कारवारच्या वाळवंटावर आज 'चपल' नावाची क्षेपणास्त्र-नौका स्मारक म्हणून उभी आहे. मुले तिच्यावर चढतात, मारा कसा करीत असतील याची कल्पना करतात आणि हरखून जातात. ते योग्यच आहे. आमची वाचकांस विनंती एवढीच, की मुलांना तेथे नेल्यावर क्षणभर त्यांचे तोंड समुद्राकडे वळवावे.  तेथे जहाजे बिनघोर ये-जा करीत असतील. त्या रिकाम्या, शांत पाण्याकडे बोट दाखवून सांगावे, की या गावाचे नाव लावणाऱ्या दोन नौकांनी आपले आयुष्य पाण्याला असेच रिकामे ठेवण्याची विद्या राखण्यात घालविले.